खिडकीची चिठ्ठी

श्रीरामपूर,
मंगळवार, ११ फेब्रुवारी २०२५

चि. प्रणितास अनेक आशीर्वाद. रेवाचा खोकला थांबला का? मी बरी आहे.

त्या दिवशी सकाळी पाणी भरून झालं होतं, भाकरी टोपल्यात होत्या आणि मी खिडकीची काच पुसत होते. तुझे बाबा खळीची वाटी आणि नवी चिठ्ठी घेऊन आले. जर्मनीला तुमच्याकडे यायचं ठरल्यापासून मोबाईलवर ऐकून ऐकून त्यांनी घरभर जर्मन शब्दांच्या चिठ्ठ्या लावल्या होत्या, जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या कागदांवर. दाराला ट्यूर, भिंतीला वांड, जिन्याला ट्रेपे. "नातीपुढं काय मुक्यासारखं बसायचं का?" म्हणायचे.

मी ओरडले, "अहो, आत्ताच काच लख्ख केलीय. चिकटवाल तर बघा!"

"राहिलं बाई. तुझा राग निवू दे, मग लावतो." चिठ्ठी खिशात टाकून ते भाजीला गेले.

पुढचं तुला माहीत आहे. दवाखान्यातून त्यांचा सदरा तेवढा परत आला. धुवायला घेतला तर खिशात ती चिठ्ठी. हे तुला आजवर सांगितलं नाही.

परवा व्हिडिओ फोनवर रेवानं तुमच्या खिडकीवर टकटक करून विचारलं, "आजी, हे काय?" तू तिला म्हणालीस, "आजीला नाही गं आठवत, राहू दे." दीड वर्ष मीही तेच सांगतेय, या वयात भाषा डोक्यात शिरत नाही, तिकीट काढू नकोस.

खोटं आहे ते. तू पहिलीत असताना तुझ्याच पाटीवर मी अक्षरं शिकले. मला एक शब्द जड जाईल का? फेन्स्टर, खिडकी. चिठ्ठी सापडली त्या दिवसापासून पाठ आहे. पण तो ओठावर आला की माझं त्या सकाळचं ओरडणं ऐकू येतं. शिवाय वाटायचं, मी निघून आले तर त्यांचं अक्षर वाचायला या घरात कोण उरणार?

फोनवर हे बोलता आलं नसतं.

आता तिकीट काढ. रेवाला सांग, आजीला तो शब्द येतो.

तुमचा फोन झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी मैद्याची खळ शिजवली. काच पुसली नाही. चिठ्ठी मधोमध लावली आणि चारही कोपरे वाळेपर्यंत बोटांनी दाबून धरले.

तुझी,
आणि आता एकटीच येणारी,
आई