चिमणीच्या नशिबी दीपगृह

तीर्थरूप दादास साष्टांग नमस्कार.

तू पाठवलेला जुना फोन आणि वहिनीने विणलेली टोपी पोचली. फोनची किंमत शून्य, पार्सल सोडवायला चाळीस, चालत घरी आणताना लागलेली धाप फुकट. देवाच्या कृपेने आम्ही सर्व ठीक. तुझी कंबर आणि वहिनीचे गुडघे काय म्हणतात?

आमच्या चिमणीची शाळा संपली. पुढे काय, यावर घरात रोज धुमश्चक्री. तिला तुझ्यासारखी सायकलदुरुस्ती शिकायची आहे आणि ह्यांना ते नावही खपत नाही. शेवटी हे म्हणाले, फोनवर चाचणी असते, कुठलं काम जमेल ते सांगते, ती म्हणेल तसं करू. फुकट आहे म्हटल्यावर मीही मान डोलावली. (तिथेच फसले.)

साठ प्रश्न! वाचायचे चिमणीने, उत्तरे सासूबाईंची. 'मी इतरांपेक्षा हुशार आहे' असे आले की, "अगं, स्वतःच्या तोंडाने कसलं सांगतेस? नाही दाब!" मलाही पटले, गर्वाचे घर खाली. 'लोक माझे ऐकतात' यालाही नाही. ("इथं तरी कोण ऐकतंय," चिमणी पुटपुटली.) इतक्या विनयाचे फळ काय, तर माणसांपासून लांब राहावे, योग्य काम दीपगृहाची राखण. हे हबकलेच. "अहो, पण आपल्याकडे समुद्र कुठाय?"

दुसऱ्या चाचणीला ह्यांनी सासूबाईंना जपाला बसवले आणि स्वतः सगळीकडे होय दाबले. निकाल: सेनापती, गायिका किंवा दंतवैद्य. आता मात्र मला शंका आली. शितावरून भाताची परीक्षा, म्हणून मी आमच्या बोक्याच्या वतीने एक चाचणी भरली, अगदी प्रामाणिकपणे. ('कामे दुसऱ्यावर सोपवता का?' होय.) बोका मोठा व्यवस्थापक झाला! आणखी एक मेली चाचणी तर सगळे प्रश्न विचारून झाल्यावर निकाल दाखवायला पैसे मागू लागली. पाटावर बसवून पुढचे ताट उचलण्यातला प्रकार!

आम्ही फोनला डोकी लावून बसलो होतो तेवढ्यात चिमणीने अंगणात ह्यांची सायकल उलटी करून चेन बसवली, ब्रेक आवळले. दुसऱ्या दिवशी कित्येक वर्षांत प्रथमच कुरकुर न करता कामावर गेले (सायकलही आणि हेही). परत आल्यावर घंटी वाजवत गल्लीत उगाच दोन चकरा मारल्या. जेवताना ताटाकडे बघत विचारले, "तुझ्या भावाकडे राहायला जागा आहे ना?"

वहिनीस नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझी धाकटी बहीण

ता. क. चिमणीला दुकानात शिकायला ठेवून घेशील का? भाची म्हणून लाड नकोत, चुकली तर खुशाल रागव. शांतपणे विचार कर, घाई नाही.

ता. क. दुसरा. घाई आहे. हे आत्ताच तिची ट्रंक सायकलला बांधून तिला गाडीत बसवायला गेले. पत्राआधी तीच पोचेल. तेव्हा ठेवतोस की नाही ते कळवू नकोस. सुखरूप पोचली, एवढेच उलट टपाली कळव.