शाळेतलं इंजिन

तीर्थरूप बाबांना नमस्कार,

छोटीला आठवीतून काढायचं म्हणता, ते मला अजिबात पटलेलं नाही. "शाळेत जाऊन कुणाचं भलं झालंय?" म्हणे! मी चौथीत पळालो, आणि आता रोज शाळेत जातो, झाडू घेऊन.

ही शाळा म्हणजे एक गावच आहे. दोन हजार पोरं. गंमत म्हणजे इथे मास्तर जागेवर बसतात आणि घंटा झाली की पोरंच खोल्या बदलतात. तेवढा वेळ मी भिंतीला पालीसारखा चिकटून राहतो.

एका खोलीत चक्क मोटारीचं इंजिन आहे. काल छोटीएवढी एक मुलगी ते खोलून बसली होती, कोपरापर्यंत काळी. मी विचारलं, "परत जोडता येईल का?" तर म्हणते, "काका, आधी पाय उचला, नट खाली आहे." मला काका! मिशी काढावी म्हणतो.

छोटीने आपला पंप खोलला तेव्हा तुम्ही केवढे ओरडलात. पण पाणी आलं ना?

तुमची कंबर कशी आहे? आई वेळेवर जेवते ना? माझा खोकला आता कमी आहे.

तुमचा हट्टी मुलगा

ता. क. छोटीची वर्षाची फी आणि बसचा पास धरून साडेसहा हजार पाठवतोय.