ओट्यावरची रांगोळी

छत्रीबाग, इंदूर
१२ जानेवारी १९५२

तीर्थरूप नानांस कुमुदिनीचा साष्टांग नमस्कार.

मी खुशाल आहे. डबा चांगला मिळतो, काळजी नसावी. आईचा खोकला थांबला का?

आमच्या मोहल्ल्यात सात दिवस सफाईचा हफ्ता झाला. कोरे झाडू धरून फोटो काढवणारे एकेक थोर लोक! पानाची पिंक टाकायची आणि मग स्वच्छतेवर भाषण ठोकायचं.

मी शिकवते त्या शाळेच्या ओट्यावर जनाबाई राहायची. नवरा वारला तशी मिलची खोलीही गेली. पण रोज सकाळी ओटा झाडून, सडा घालून रांगोळी काढायची. सफाई तपासायला पाहुणे यायच्या दिवशी मोहल्ल्याच्या कमेटीवाल्यांनी "गंदगी हटाओ" म्हणत तिलाच ट्रकमध्ये घातलं आणि गावाबाहेर सोडलं.

घंट्याभरात पाहुणे आले. ओट्यावरची तिची रांगोळी पाहून खूश! "भई वाह, किसने बनाई?" कमेटीच्या अध्यक्षांनी मला पुढे ढकललं. "हमारी बहनजी ने." टाळ्या पडल्या, तांब्या बक्षीस मिळाला.

नाना, त्या लोकांची मला किळस येते. पण तेव्हा मीही तोंड उघडलं नाही.

बक्षिसाचं आईला सांगू नका. मला रांगोळी येत नाही, हे तिला पक्कं ठाऊक आहे.

तुमची,
कुमुद