बाबांना नदीवर नेणे

७ जानेवारी
ग्रेलिंग नावाचा मासा जपानात असतो का? मला माहीत नाही. पण एका इंग्रज माणसाच्या ब्लॉगवर वाचलं की ग्रेलिंग ऐन हिवाळ्यात लागतो, टेन्काराच्या काठीवर, एका दोऱ्याला तीन खोट्या माश्या, म्हणजे पिसं गुंडाळलेले गळ, बांधून. टेन्कारा म्हणजे रीळ नसलेली लांब काठी. ती जपानीच, आणि हिवाळाही चालू आहे. निम्मं काम झालंच.
उद्देश मासा नाही, बाबा. अनुपचे, म्हणजे माझ्या नवऱ्याचे वडील. सासूबाई गेल्यावर त्यांना कराडहून आमच्याकडे जपानात, फुनाबोरीला आणलं. दिवसभर स्वेटर घालून खिडकीशी बसतात. कराडला नदीवर गळ टाकायचे म्हणे. संकल्प: महिनाअखेर बाबा हसले पाहिजेत. माहेरी मी पहिली ग्रॅज्युएट. अभ्यास केला की सगळं जमतं.

१० जानेवारी
दुकानदार म्हणाला, जपानात ग्रेलिंग नाही. हिवाळ्यात नदीच्या ठराविक पट्ट्यात ट्राउट मासे असतात, ते धरून परत सोडायचे. म्हणजे अहिंसाही झाली. नवशिक्यांनी एकच माशी बांधावी, असंही म्हणाला. तीन घेतल्या. नवशिकी मी आहे, ब्लॉगवाला नाही.
अनुपचं म्हणणं, या वयात, एवढ्या थंडीत? मी म्हटलं, इथे त्यांच्या वयाची माणसं डोंगर चढतात. तो ऑफिसच्या कामाने ओसाकाला चाललाय. बरंच आहे.

१८ जानेवारी, रविवार
मोहीम यशस्वी. मासा नाही. काठाला बर्फ. एक माशी माझ्या टोपीत, दुसरी बाबांच्या बाहीत, तिसरी झुडपात. बाबांनी सगळा गुंता सोडवला.
दुपारी वरच्या अंगाला भोंगा वाजला. बाबांनी मान वर केली. मी समजावलं, जपानात स्पीकरवर रोज काहीतरी वाजतंच, फुनाबोरीत नाही का संध्याकाळी गाणं लागत. त्यांनी एकदा वरच्या अंगाला बघितलं आणि पुन्हा गळ टाकला. मग पाणी थोडं वाढलं. बर्फ वितळत असणार. काठावर लाल पाटी आहे, लाटेपुढे पळणाऱ्या माणसाचं चित्र. त्यावरची जपानी अक्षरं मला वाचता येत नाहीत. पावसाळ्यासाठी असेल.

२१ जानेवारी
बाबांनी स्वतःहून विचारलं, पुन्हा कधी जायचं! शेजारची वैभवी म्हणाली, सासऱ्याला नदीत उभं करणारी सून पहिल्यांदाच बघतेय. म्हणू दे. बाबांनी आज आपली बॅग आवरली. सासूबाईंचा फोटो शालीत गुंडाळून ठेवला. हातातलं घड्याळ काढून अनुपच्या टेबलावर ठेवलं. नदीत भिजू नये म्हणून असेल. किती उत्साह.
अनुपने फोनवर विचारलं, वर धरण वगैरे नाही ना, पाहिलंस? मी म्हटलं, सगळं पाहिलंय. पाहीन.

२५ जानेवारी, रविवार, ट्रेनमध्ये
बाबा माझ्या कोटात शेजारी बसलेत. अक्षर वेडंवाकडं येतंय.
आज भोंगा लांबलचक वाजला. बाबा नदीमधल्या गोट्यांच्या उंचवट्यावर होते. पाणी गढूळ झालं. गढूळ पाण्यात तीन माश्या जास्त चालतात, हे मी काठावरून ओरडून सांगितलं. पुलावरचा एक माणूस जोरजोरात हात हलवत होता. मीही हलवला. मग उंचवटा दिसेनासा झाला. बाबा मांडीपर्यंत पाण्यात, आणि हलत नव्हते. मी काठी टाकून आत शिरले. तो माणूस धावत आला आणि त्याने दोघांना ओढून काढलं. म्हणाला, वर धरण आहे, पाणी सोडण्याआधी भोंगा वाजवतात.
बाबांना मराठीत सांगायला लागले तर म्हणाले, माहीत आहे, कोयनेचं पाणी सोडताना असाच भोंगा व्हायचा. मी विचारलं, मग बाहेर का नाही आलात? मी सांगितलं म्हणून थांबलात?
"नाही गं पोरी," बाबा म्हणाले. "मला कुठं घाई होती?"

२६ जानेवारी
बाबांना ताप नाही. चहा घेतला. मी समोरच बसलेय. नवा बेत सुचत नाही.
सकाळीच अनुपला मीटिंगमधून बाहेर बोलावलं आणि काही न गाळता सगळं सांगितलं. बाबांचं ते वाक्यसुद्धा. आता तो ओसाकाहून घरी यायच्या गाडीत बसलाय.