सव्विसाव्या मिनिटाचा आजार

प्रिय मेहुणेसाहेब यांस, तुमच्या ताईच्या नवऱ्याचा नमस्कार.

तुमची कंबर कशी आहे? दिवसभर खुर्चीत बसूनही कंबर धरते हे तुमच्यामुळेच मला कळलं. माझी आजवर वाकूनच धरत आली. आम्ही सगळे ठीक आहोत, आणि तुमच्या आईंची तब्येत तर आपल्या दोघांपेक्षा बरी आहे. ते पुढे येईलच.

हे पत्र ज्या टेबलावर लिहितोय ते मी केलेलं आहे. बसायची खुर्ची मी केली, डोक्यावरचा दिवा मी केला (बल्ब विकतचा), आईंच्या पलंगाला उठताना धरायचा दांडा मी बसवला, आणि बैठकीतलं टीव्हीचं कपाट मी दोन जुन्या दारांच्या लाकडातून उभं केलं. यातलं काहीही मला कुणी शिकवलेलं नाही. बढाई म्हणून सांगत नाही, पुढची हकिगत नीट कळावी म्हणून सांगतो. (थोडी बढाईही आहे.)

तर ते कपाट. तुम्ही आईंना मालिका बघायला टीव्हीला जोडायची जी इंटरनेटची डबी पाठवलीत, ती टीव्हीच्या मागे वायरीला लोंबकळत होती. मला लोंबकळणाऱ्या गोष्टी बघवत नाहीत. म्हणून मी तिच्यासाठी कपाटात स्वतंत्र कप्पा केला. डबी आणि लाकूड यांच्यात चारी बाजूंनी दोन मिलिमीटर, कमी नाही, जास्त नाही. कप्प्याला दार, दाराच्या कडेला धूळ जाऊ नये म्हणून मखमलीची पट्टी. दार लावलं की 'टक्' असा बारीक आवाज येतो. तो आवाज साधायला मला चार दिवस लागले. रिमोट ब्लूटूथचा असल्यामुळे त्याला दाराची अडचण नाही, हेही मी आधी तपासून घेतलं होतं. इतका विचार कोण करतं, सांगा.

कप्पा झाला रविवारी, आणि सोमवारी अॅप बंद पडायला लागलं. बंद पडायला म्हणजे असं, की मालिकेतली थोरली सून तिजोरीच्या किल्लीकडे हात नेते आणि पडदा काळा. मग पुन्हा पहिलं पान, जणू काही झालंच नाही. एरवी मी म्हटलं असतं, करू सवडीने. पण आईंच्या डोळ्याचं ऑपरेशन शुक्रवारी, त्यानंतर तीन आठवडे पडद्याकडे बघायचं नाही असं डॉक्टरीणबाईंनी बजावलेलं, आणि महिनाअखेर ही मालिका अॅपवरून निघणार अशी सूचना रोज झळकत होती. तीनशे चार भाग त्यांनी बघितले होते. राहिले होते अकरा, आणि हातात चार दिवस. आता नाही तर कधीच नाही.

मी नोंदींची वही सुरू केली. पहिला प्रयोग, डबी बंद करून चालू. दुसरा, वायफायची पेटी बंद करून चालू. तिसरा, अॅप काढून पुन्हा घातलं. चौथा, त्याचा साठलेला कचरा पुसला. पाचवा, तुमच्या फोनवरच्या सल्ल्याप्रमाणे फॅक्टरी रीसेट. (त्यानंतर सगळी अक्षरं कुठल्याशा परक्या भाषेत दिसू लागली, आणि तुमच्या ताईला एकेक चित्र ओळखत परत मराठीत यायला पाऊण तास लागला. ती तेव्हा तुमच्याबद्दल जे बोलली ते इथे लिहीत नाही.) प्रत्येक वेळी मी दार उघडून डबीसमोर मांडी घालून बसायचो, दहा-पंधरा मिनिटं चालवून बघायचो, सगळं सुरळीत. वहीत 'दुरुस्त' असं लिहायचो, दार लावायचो, टक्. आणि चहा घेऊन येईपर्यंत अॅप गाशा गुंडाळून गेलेलं. काही प्रयोग दोनदा करून मंगळवार संपेपर्यंत वहीत सात वेळा 'दुरुस्त' लिहून झालं होतं.

बुधवारी मी नवी केबल आणायला बाजारात गेलो. परत आलो तर बैठकीत स्टूल, स्टुलावर पिठाची चाळणी पालथी, आणि चाळणीवर तुमची डबी, उघडी-बोडकी, वाऱ्यावर. समोर आई मांडी घालून बसलेल्या. सलग तिसरा भाग चालू होता.

"जावईबापू, चपला काढा आणि गप्प बसा," त्या म्हणाल्या. "सून सापडलीय."

भाग संपल्यावर त्यांनी उशीखालून एक कागद काढला. मेहुणेसाहेब, चौतीस वर्षं इस्पितळात परिचारिका होत्या हे आपल्याला माहीत असतं, पण माहीत असणं वेगळं. मी दुरुस्त्या करत होतो तेव्हा त्या दोन दिवस नुसत्या वेळा टिपत होत्या. दार लावल्यापासून सव्वीस मिनिटं. लगेच पुन्हा लावलं तर नऊ. जेवून आल्यावर लावलं तर पुन्हा सव्वीस. जावई दार उघडून बसले असताना, एकदाही नाही. हे शेवटचं वाक्य त्यांनी अधोरेखित केलं होतं.

"मग तुम्ही गेल्यावर दार उघडून हात लावून बघितला," त्या म्हणाल्या, "चांगली फणफणली होती बिचारी. तुम्ही तिला दुलईत गुंडाळून पळायला लावत होतात."

"मग सोमवारीच का नाही बोललात?"

"एका दिवसाच्या नोंदीवर निदान करायचं नसतं. आणि तुम्ही वहीत इतकं छान लिहीत होतात."

मी वही उघडली आणि त्यांच्या कागदाशेजारी ठेवली. माझ्या वहीत मी काय काय केलं ते होतं, त्यांच्या कागदावर डबीला काय काय झालं ते होतं. इतका लाजलेला मी लग्नातही नव्हतो. आणि खरं सांगायचं तर इतका खूशही क्वचित झालो असेन. साडेतीन ओळींचं निदान, एक चाळणी, हत्यार एकही नाही.

चाळणीवर काम भागलं असतं. पण चुकलेलं काम तसंच उभं ठेवायचं म्हणजे त्याच्या शेजारून रोज मान खाली घालून जायचं. (शिवाय तुमच्या ताईला चाळणी हवी होती.) गुरुवारी सकाळी मखमल उपटली आणि दाराला आठ मिलिमीटरची अठ्ठेचाळीस भोकं पाडली, सहाच्या आठ ओळी. पहिल्या भोकाआधी मी तीन वेळा माप घेतलं. आई शेजारी खुर्ची घेऊन बसल्या होत्या. म्हणाल्या, "टोचा सुई, रोग्याच्या तोंडाकडे बघू नका." मग पुन्हा माप घेतलं नाही. दार लावून दोन तास चालवलं, वेळ आईंनी टिपली. गुरुवारी संध्याकाळी पावणेसहाला तीनशे पंधरावा भाग पुरा झाला. तुमची ताई आणि मी दोघं त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाल्या, शेवट काही जमला नाही, पण बघायला मिळाला हे बरं झालं.

ऑपरेशन उत्तम झालं. काळा चष्मा लावून त्या सध्या समोर बसून बातम्या ऐकतात. कळावे, लोभ आहेच, तो कमी होऊ देऊ नये.

तुमचा,
ताईचा नवरा

ता. क. तुम्ही येत्या अठ्ठावीसला आईंना तुमच्याकडे न्यायला येणार आहात. डोळ्यात दिवसातून चार वेळा थेंब घालायचे असतात, प्रवासात ते नीट होत नाही. शिवाय मी जेवणाच्या टेबलाचा आराखडा काढतोय आणि तो कुणाला तरी दाखवायला हवा. तुमची ताई खांद्यावरून वाचतेय आणि म्हणते, गोल गोल कशाला, त्या इथे राहायला हव्यात असं सरळ लिहा. तर तसं. न्यायला येऊ नका. राहायला या.

ता. क. दुसरा. कोपऱ्यावरचा फर्निचरवाला आईंना बघायला आला होता. त्याने दाराच्या भोकांत बोट घालून बघितलं आणि विचारलं, ही नक्षी कुठे शिकलात. कपाट आहे तसं मागितलं, मी नाही म्हटलं. मी वाढवून सांगतो असं तुमच्या ताईला नेहमी वाटतं, म्हणून तिच्यासमोर नेमका आकडा लिहितो. अठ्ठावन्न हजार, रोख, टीव्ही सोडून.