ट्रे किती पाण्यांनी धुतले

सोम. ८ जून
आज हॅचरीत पिल्लं निघाली. उबवणीची मशिनं रिकामी झाल्यावर ह्यांनी जंतू मारायला फॉर्मालिनचा धूर दिला नि डोळे लाल करून घरी आले. खोकला आहेच. धाकट्या जाऊबाई बोलल्या. मुग्धा, पुण्याची, जंतूंच्या शास्त्रात एमएस्सी. "दादा, हा धूर बंद करा. मी दुसरं औषध निवडून देते." हे लगेच, "बघ बाई." हेच मी किती वर्षं म्हणतेय. तेव्हा उत्तर काय, तर "हॅचरीतलं तुला काय कळतं?"

बुध. १०
तीन कंपन्यांचे नमुन्याचे कॅन आले. मु.नं बोअरच्या पाण्यात कागदाची पट्टी बुडवली, रंग बदलला. "पाणी फार जड आहे. औषध ते बघून घ्यायला हवं." हे नि भाऊजी आ वासून बघताहेत. कुकरवरचा पांढरा थर मी लग्न झाल्यापासून खरवडतेय. माझ्याकडे पट्टी नव्हती, एवढंच.
मग सगळ्यांदेखत मला, "ताई, साबण लावल्यावर ट्रे किती पाण्यांनी धुता?" धुण्याचं काम माझ्या देखरेखीखाली. म्हटलं, "तीन." खरं म्हणजे एकाच. पाण्याचा टँकर परवडत नाही म्हणून ट्रे धुणाऱ्या मंजुळक्काला मीच ताकीद दिलीय. पण एक म्हटलं असतं तर हसली असती. नसती हसली कदाचित.

गुरु. ११
उपास. औषधात बुडवलेल्या ट्रेंवर मु.नं बशा टेकवल्या. बशीत चायना ग्राससारखं थलथलीत काहीतरी. जंतू राहिले असतील तर दोन दिवसांत त्यावर ठिपके उगवतात म्हणे. बशांना ऊब हवी, म्हणून थर्माकोलचं खोकं, आत बल्ब. आणि ठेवलं कुठे, तर देवघराखालच्या कपाटात! माझी पूजेची भांडी बाहेर.
"प्लग तिथेच आहे ना, ताई."
हे म्हणतात, "स्वल्प ॲडजस्ट कर."
इतकी वर्षं सोवळं पाळलं, आता देवाखाली जंतू वाढवा. आरतीत दोनदा चुकले.

शनि. १३
खोकं उघडलं. तिन्ही औषधांच्या बशा ठिपक्यांनी भरलेल्या, शिळ्या भातासारख्या. भाऊजी बायकोला म्हणाले, "एवढं शिकून हे?" ह्यांनी ठरवून टाकलं, "आपलं फॉर्मालिनच बरं. बुधवारी धूर देतो." मु. ताटात मान घालून बसली. मी तिला आग्रहानं तिसरी पोळी वाढली. वर तूप. फार बरं वाटत होतं मला. अधिक महिना चालू आहे, इथे तरी खोटं लिहीत नाही.

रवि. १४
मु. ओट्याशी आली, कॅनवरची बारीक अक्षरं वाचत. "ताई, तिन्ही एकाच जातीची औषधं आहेत. ट्रेवर साबणाचा अंश राहिला तर ती निकामी होतात. पण तुम्ही तीन पाण्यांनी धुता, म्हणजे तसं नसणार. माझंच चुकतंय कुठेतरी."
मी भेंडी चिरत होते. चिरतच राहिले.
एकदा तरी संशय घ्यायचा होता माझ्यावर.

सोम. १५
हॅचरीत गेले. मंजुळक्का ट्रे धूत होती. किती पाणी घेतेस, विचारलं. "ओंदे सल, अक्का. एकदाच. साकु, तेवढं पुरे, म्हणालात ना तुम्ही?" वर हसली. धुतलेल्या ट्रेवरून बोट फिरवलं. बुळबुळीत.
घरी आले तर मु.नं बशा उकळून ठेवलेल्या, कपाट पुसलेलं, माझी भांडी जागेवर. निरांजन उजवीकडे, घंटा डावीकडे, मी लावते तश्शी. कधी बघून ठेवलं हिनं? रागच आला.

मंगळ. १६
दुपारी हॅ.त कोणी नसताना पाच ट्रे तीन पाण्यांनी धुतले. औषधात बुडवले. मु.च्या न वापरलेल्या बशांतली एक न विचारता नेली होती, ती टेकवते तशी टेकवली. घरी आणून बल्बच्या खोक्यात ठेवली, खोकं शिलाई मशिनखाली लावलं.
मनात आलं ते लिहिते. बशी कोरी निघाली तर म्हणेन, मला सुचलं, दोन पाणी जास्त घालून बघावं. मॅट्रिक झालेल्या बाईनं शोधलं! हे चार लोकांत सांगतील. मु.ही म्हणेल, ताई, कमाल आहे. मंजुळक्काला कोण विचारतंय.

बुध. १७
बशीत अजून काही दिसत नाही. उद्याशिवाय कळायचं नाही. धूर आज.
हे नाकाला बांधायचा पंचा शोधतायत आणि खोकतायत. उद्यापर्यंत गप्प बसले तर शोध माझा, नि धूर ह्यांच्या छातीत. आत्ता बोलायचं तर बशी नाही, काही नाही. फक्त मी खोटं बोलले एवढंच सांगायला आहे. आणि तेही मु.समोर. ह्यांना एकट्याला गाठून सांगावं? पण शनिवारी बोलणी तिनं सगळ्यांसमोर खाल्ली.
देवापुढे बसून आले. काही सुचलं नाही.
भाऊजींनी गाडी सुरू केली. "वहिनी, दादाचा डबा!"
"आणते," म्हटलं. "आणि मुग्धालाही हाक मारा. धुराआधी बोलायचंय."
"आता काय आणखी?" हे.
जिन्यावर तिच्या सपाता वाजतायत. पहिलं वाक्य कोणतं, ते अजून