टायमिंग बेल्ट बदलल्यानंतर चालकास घरी सोडणेबाबत

प्रति,
मा. वाहन अधीक्षक,
मध्यवर्ती वाहन कार्यशाळा,
(मोठ्या फाटकाशेजारची कचेरी)

विषय : जुन्या पांढऱ्या मोटारीचा टायमिंग बेल्ट नियमित देखभालीत बदलल्यामुळे उद्भवलेली परिस्थिती, व त्यावर उपाय म्हणून फाटकात एक वाक्य मोठ्याने म्हणण्यास मंजुरी मिळणेबाबत.

संदर्भ : आमचा यापूर्वीचा अर्ज, जो 'मागणीचा बोध होत नाही' अशा शेऱ्यासह परत आला.

महोदय,

सविनय सादर करण्यात येते की, अर्जदार बाई या आपल्या कार्यशाळेतील दिवंगत वाहनचालकाच्या पत्नी असून, अर्ज लिहिणारा मी त्यांचा धाकटा दीर, निवृत्त मुख्य लिपिक आहे. जन्मभर मी इतरांच्या अर्जांवर शेरे मारले. 'बोध होत नाही' हा शेरा अर्ज पुरता न वाचता मारतात, हे मला कोणी शिकवायला नको. तेव्हा प्रस्तुत अर्ज कृपया शेवटपर्यंत वाचावा. भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नव्हता, हे आधीच नमूद करतो.

१. सदर मोटार वर्षानुवर्षे माझ्या थोरल्या बंधूंच्या, म्हणजे दादांच्या हाती होती. अर्जदार राहतात ती कर्मचारी वसाहत कार्यशाळेच्या रस्त्यावरच असल्याने, संध्याकाळी साहेबांना सोडून दादा गाडी जमा करायला निघाले की ती घरावरूनच जाई. तिच्या इंजिनातून घूंऽऽ असा बारीक, रडवेला आवाज येत असे. तो कोपऱ्यावर ऐकू आला की वहिनी चहाचे आधण ठेवीत, आणि गाडी जमा करून दादा चालत परत येईपर्यंत चहा तयार असे. हा आवाज बरा नव्हे, बेल्ट बदलून घ्या, असे दादांनी आपल्याकडे कितीदा तरी तोंडी सांगितले होते. बदलू, बदलू म्हणता दादाच गेले.

२. ते कसे गेले, याबाबत आपल्या दप्तरी 'कर्तव्यावर असताना' एवढेच नमूद आहे. वस्तुस्थिती अशी की, त्या संध्याकाळी दादांनी गाडी घराच्या फाटकापाशी थांबवली. कामावरची गाडी स्वतःच्या दारात उभी करणे त्यांना चोरीसारखे वाटे, त्यामुळे असे पूर्वी कधीही घडले नव्हते. चेहरा पांढराफटक, शर्ट घामाने चिंब. वहिनी पाण्याचा पेला घेऊन धावल्या व म्हणाल्या, आधी उतरा, पाणी प्या, बसा जरा. दादा म्हणाले, गाडी जमा करून येतो. पेल्याला हातही न लावता ते निघाले. कार्यशाळेच्या फाटकात ते स्टिअरिंगवर कोसळलेले सापडले. इंजिन चालूच होते. ते कोणीतरी खिडकीतून हात घालून बंद केले.

आपल्या कार्यशाळेची रीत आपणांस माहीत आहेच. चालकाने किल्ली खुंटीला अडकवायची, मग पहारेकऱ्याने मोठ्याने म्हणायचे, "जमा. जा घरी." तोवर कोणीही चालक फाटकाबाहेर पाऊल टाकीत नाही, मग घरी लग्न असो की मयत. दादांना त्या दिवशी हे वाक्य कोणी म्हटले नाही. दवाखान्याच्या धांदलीत कोणाला सुचणार? यात कोणाचा दोष काढण्याचा हेतू नाही.

३. पुढे त्याच मोटारीवर नवा चालक आला. गाडी तीच, आवाज तोच, वेळही तीच. वहिनींनी आधण ठेवणे चालूच ठेवले. शेजारी कुजबुजू लागले, मी तर तोंडावरच बोललो. त्या म्हणाल्या, दोन्ही कप मीच पिते भाऊजी, तुमचं काय जातं? मी हात टेकले.

४. त्यानंतर नियमित देखभालीत सदर मोटारीचा टायमिंग बेल्ट बदलण्यात आला, आणि त्या संध्याकाळी गाडी घरावरून मुकाट निघून गेली. आधण उकळून उकळून आटले. दुसऱ्या दिवशी वहिनी तडक कार्यशाळेत गेल्या. तेथील मिस्त्री लांब स्क्रू ड्रायव्हर इंजिनला टेकवून त्याची मूठ कानाला लावतात, म्हणून त्यांना सगळे डॉक्टर म्हणतात. डॉक्टरांनी समजावले की आवाज बेल्टचा नव्हेच, बेल्ट ताणून धरणाऱ्या रोलरचा होता. इंजिन पुन्हा पुन्हा कोण उघडणार, म्हणून बेल्टबरोबर रोलरही बदलतात. वहिनींचा चेहरा पाहून त्यांनी दोन्ही जुने भाग फडक्यात बांधून त्यांच्या हाती दिले.

हेच भाग परत बसवून मिळावेत, अशी मागणी आम्ही पहिल्या अर्जात केली होती. ती मागे घेत आहोत. बेल्ट आतून तडकला होता, त्याचे दात सुटायला आले होते, आणि भर रस्त्यात तुटला असता तर गाडी जागच्या जागी मेली असती, असे डॉक्टरांनी सांगितले. नव्या चालकाचे नुकतेच लग्न झाले आहे. वहिनी म्हणाल्या, दुसऱ्या कुणाची बायको फाटकात उभी राहायला नको.

५. महोदय, गाडी मुकी झाल्यावर काही दिवसांनी आवाज परत आला. गाडीविना.

वहिनींचा निरोप येताच मी डोक्यात राख घालूनच गेलो. म्हटले, हे खूळ आज मुळासकट काढतो. पायरीवर ठाण मांडून बसलो. वहिनी चहाला म्हणून आत गेल्या. नवा चालक गाडी घेऊन बिनआवाज गेला, मला हातही केला. मी वहिनींना हाक मारून बघा म्हणणार, तोच कोपऱ्यावर घूंऽऽ सुरू झाले. रस्ता मोकळा होता. आवाज फाटकापाशी येऊन थांबला. फाटकाची कडी थरथरू लागली, गुडघ्यांना इंजिनची ऊब लागली. वहिनी बाहेर येऊन, जणू रोजचेच असावे तशा, म्हणाल्या, उतरा आता, किती वेळ बसणार? मला राहवले नाही. मी म्हणालो, दादा, ये ना रे आत. आवाज तसाच. मग तो कार्यशाळेकडे गेला. मी मागोमाग गेलो, घाबरलो होतो तरी गेलो. बंद फाटकापाशी तो बराच वेळ घुमत राहिला, आणि परत घराकडे वळला. रोज असाच येरझाऱ्या घालतो, असे वहिनी म्हणाल्या.

परत येताना मी रस्त्यातच रडलो. मला कळून चुकले की दादा अजून कामावर आहेत. त्यांना कोणी सोडलेलेच नाही.

६. सबब विनंती की, कोणत्याही एका संध्याकाळी फाटक उघडे ठेवावे, एक खुंटी मोकळी ठेवावी, आणि आवाज आत येऊन थांबला की "जमा. जा घरी." हे वाक्य मोठ्याने म्हणण्यात यावे. असे करण्याचा नियम नाही, परंतु करू नये असाही नियम मला सापडलेला नाही. सध्याच्या पहारेकऱ्याची पाचावर धारण बसली आहे, तो अंधार पडायच्या आत फाटक लावून घेतो. त्याला जबरदस्ती नको. त्या दिवशी फाटकावर असलेले जुने पहारेकरी यायला तयार आहेत. मी त्यांच्या घरी जाऊन विचारले. वाक्य माझ्या ओठांवरच राहिलं हो, असे म्हणून ते गृहस्थ ढसाढसा रडले.

'घरी' म्हणजे कोठे, याचा खुलासा वाक्यात करू नये. तो शब्द दादांना नेहमी पुरत असे.

आपल्या होकाराकडे डोळे लावून बसलेली,

(सही) दिवंगत वाहनचालकाची पत्नी
(सही) अर्ज लिहिणारा दीर

दिनांक : अर्ज पोचेल तो धरावा.

सोबत :
१. काढलेला जुना टायमिंग बेल्ट.
२. जुना रोलर. याबाबत खुलासा : हा भाग सोबत जोडायचे ठरले नव्हते. मी पुडके बांधत असताना वहिनींनी तो आतून आणून माझ्यासमोर ठेवला. रोज संध्याकाळी स्वयंपाकाच्या ओट्याशी उभ्या राहून त्या तो बोटाने फिरवीत, आणि तो घुमला की मग कोपऱ्यावर आवाज येई, हे मला आज समजले. तरी ठरल्या संध्याकाळी तो आपल्या फाटकात एकदाच फिरवावा. मी म्हणालो, एवढा तरी राहू द्या तुमच्याकडे, आठवण म्हणून. त्या म्हणाल्या, नको. जवळ राहिला तर मी फिरवणार, आणि मी फिरवला की हे येणार. तुम्ही बांधा पुडकं, भाऊजी.